मंडळ आभारी हाय

...आन् वर मलाच इचारत्यात, "छगन, तुला लाज वाटती का?" लाज? मला? अवो, तुमाला सांगतो, त्या दिवशी राहात्याच्या बाजारात जेवढी मानसं हुती ना, तेवढ्या समद्यांनी ऐकलं मला... एकट्याला! गळा म्हंजी गळा हाय आपला!

आता तुमी म्हनाल, एवढा गळा हुता तर आजवर कुठं ठिवला हुता? टाळांच्या मागं, दुसरं कुठं! वीस वर्सं झाली भजनी मंडळात. पुंजाराम बुवा म्होरं गानार, आन् आमी धा जन मागनं तीच वळ वढनार. एकदा... फकस्त एकदा म्हन्लं, "बुवा, आज एक गवळन मी म्हनू का?" तर बुवा कसं, डोळं मिटून, तोंडातलं पान सांबाळत, "छगन, तुजा आवाज चांगला हाय रं... पर मागनंच चांगला हाय." मागनंच! तवाच ठरिवलं, मरायच्या आदी एकदा तरी एकट्यानं गानार. मग देऊळ असू, न्हाई तर काय बी असू!

ते काय बी निघालं परमिट रूम. दुष्काळ सरल्यावर भाऊसाहेब शेटनं राहात्यात काढल्याली. लग्नसराई संपल्याली, बँडवाला क्लॅरनेट घिऊन रिकामा, त्याला शेटनं कोपऱ्यात बशिवला. त्यानं निस्ती चाल वाजवायची आन् गिऱ्हाइकानं माईक हातात घिऊन गायचं. म्होरं कुनी न्हाई, मागं कुनी न्हाई! हे ऐकलं आन् माजी झोपच उडाली की वो. बाजाराच्या दिवशी घरी सांगितलं, पेंड आनाय चाललो. आन् आनली की पेंड! नंतर आनली.

आत गेलो तर अंधार, धूर, आन् समदी आमच्याच गावची मानसं भिताडाकडं तोंड करून बसल्याली. कुनी कुनाला वळखत न्हाई. आमचा सहादेव मास्तर, पोरांना दारूबंदीवर निबंध लिवायला सांगनारा, त्यो टोपी नाकापतुर वढून बसल्याला. मी म्हन्लं, "रामराम मास्तर." तर म्हनतो, "मी न्हाई त्यो." बरं, न्हाई तर न्हाई! मी काय प्यायला गेल्तो व्हय? सोडा मागिवला आन् सरळ माईकपाशी.

बँडवाल्यानं शिनेमाची चाल धरली. त्याचं बोल आपल्याला कुठनं येनार? मी त्याच चालीवर आमची गवळन सोडली. आन् काय सांगू... पैल्या वळीला गिलास थांबलं! दुसऱ्या वळीला एक जन रडाय लागला. खरंच रडत हुता, देवाशप्पत! गळा म्हंजी गळा हाय...

तेवढ्यात कुनीतरी फुडं केला रुपाया. मास्तरच त्यो! कवतिकानं इसरला बिचारा, आपुन आपुन न्हाई म्हनून.

आन् हितंच सगळे म्हनत्यात, छगननं घान केली. घान कसली? रीत हाय ती! भजनात कुनी रुपाया दिला की गानं थांबवायचं आन् देनाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, खड्या आवाजात पुकारायचं. न्हाई पुकारलं तर मानूस वरीसभर बोलत न्हाई. वीस वर्सांची सवय... हात आपसूक कानावर गेला, तोंड आपसूक उघडलं, "सहादेव रखमाजी मास्तर यांच्याकडून एक रुपाया आला, मंडळ आभारी हाय!" मास्तर टेबलाखाली! दुसरा पळत आला, "माजं नाव घिऊ नगं, बाबा," आन् हातावर रुपाया. आता दिल्यावर पुकारलं न्हाई तर कसं दिसंल? त्याचं बी पुकारलं! तुमाला सांगतो, जो त्यो मला गप बसायला पैसं देतोय आन् मी ज्याच्या त्याच्या बापासकट नाव घेतोय. शेवटाला मफलर गुंडाळल्याला एक जन आला, आठ आनं टेकिवलं, "बंद कर रं हे!" आवाज वळकीचा... वीस वर्सं म्होरनं ऐकल्याला! मी माईक तोंडाला लावला, "आमचे गुरू, भजनी मंडळाचे प्रमुख, पुंजाराम बुवा, यांच्याकडून गानं बंद करन्यासाठी आठ आने! मंडळ आभारी हाय!"

भाईर आलो तवा कळलं. शेटनं जाहिरात म्हनून छपरावर कर्णा बांधल्याला, त्याचं तोंड बाजाराकडं. भाजी घेता घेता आमच्या गावच्या समद्या बाया माना वर करून हुब्या!

झालं... दुसऱ्या दिवसापासनं भांडाय रांग. मी एकेकाला इचारलं, "ते असूंद्या, गानं कसं झालं?" एकानं सांगू ने? बुवांनी तर मंडळातनंच काढलं. आज तीन रोज झालं, टाळ बी न्हाई हातात. खरं सांगतो, वाईट वाटलं. वीस वर्सं म्हंजी काय थोडी झाली?

आन् आज सकाळी दारात पंधरा बाया! म्होरं भीमाबाई, बुवांची मंडळी. म्हन्लं, आता हानत्यात वाटतं. तर भीमावैनीनं पदराची गाठ सोडली, माज्या हातावर यष्टीचं भाडं ठिवलं आन् म्हनली, "भावजी, येत्या बाजाराला परत जावा गायला."

मला भरूनच आलं वो! म्हन्लं, कुनाला तरी कळला आपला गळा. "वैनी," म्हन्लं, "हीच गवळन म्हनू का दुसरी बसवू?"

"कंची बी म्हना," म्हनली. "एका कडव्यात उरका. नावं तेवढी सावकाश घ्या."