राखणदाराच्या पुढ्यातला मळा

मंडळी, ऐका! दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती किती वर्षं राहिली म्हणजे ती आपली होते? गेल्या उत्सवात माझी छत्री इथूनच कुणी तरी नेली. वर्ष उलटलं. झाली का त्याची? — हसू नका, तो इथंच बसलाय!

तर कोकणातलं एक गाव. शिवराम आजारानं खंगला. बायको आधीच गेलेली. पदरात आवडी — एवढीशी पोर, तिकडच्या बोलीत चेडू! धाकट्या भावाला, भानजीला म्हणाला, "चेडू मोठा होईसर मळो राख." आणि डोळे मिटले. आवडी मामाकडे घाटावर गेली.

भानजी वाईट नव्हता बरं का! राबला. बांध घातले, भात पिकवलं. आणि दरसाल पेरणीआधी राखणदाराच्या, म्हणजे मळा राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढं नारळ धरून गाऱ्हाणं घालायचा, "बा महाराजा, ह्यो मळो शिवरामाच्या चेडवाचो. मी राखतंय!" मागं उभे गडी म्हणायचे, "होय महाराजा!" राखणदाराशी खोटं बोलायची छाती कुणाची?

वर्षं गेली. आवडी परत आली. नवरा गेलेला, सासरचं दार बंद, कडेवर लेकरू. ऐन पेरणीच्या दिवसांत मळ्यावर उभी राहिली. "काकानू, बापाशीचो मळो माका होयो."

"खयचो मळो? इतकी वर्सा मी कसतंय. आता तो माजो!"

जमलेल्या गावानं, गड्यांनीही मान डोलावली. खरंच की, घाम त्याचा! मंडळी, तुम्हीही डोलावली असतीत.

आवडी भांडली नाही. पदराखालचा नारळ पुढं केला. "तर गाऱ्हाणा घाला. राखणदाराक सांगा, मळो तुमचो म्हणान."

भानजीनं नारळ घेतला. दगडापुढं उभा राहिला. "बा महाराजा... ह्यो मळो... माजो!"

आणि थांबला. मागून "होय महाराजा" यायला हवं ना? कुणी बोलेना! मघाशी मान डोलावणारे तेच गडी, तीच तोंडं — खाली घातलेली. दरसाल त्यांनी दुसरंच नाव ऐकलेलं. कशाला होय म्हणणार?

भानजीनं मागं वळून एकेकाकडे पाहिलं. पुन्हा दगडाकडे वळला. मग हळूच म्हणाला, "महाराजा, चुकलंय. ह्यो मळो शिवरामाच्या चेडवाचो. मी राखलंय."

"होय महाराजा!" सारा मळा दुमदुमला!

नारळ फुटला. आवडीनं त्याची एक वाटी काकाच्या हातावर ठेवली. "बांध तुमी घातलात. औंदा पेरणी तुमच्याच हातान."

भानजी रडला हो.

त्याला वाटलं होतं, वर्षं आपल्या बाजूची. अहो, राखायला घेतलेलं जितकी वर्षं राखाल, तितकी सारी मालकाचीच साक्ष देतात! पोरीनं मागितलं नाही, कारण ती पोर होती. म्हणून तिचा हक्क थोडाच बुडतो?

आता घरी जाल. बहिणीचा वाटा असेल, पोरक्या पुतण्याचं घर असेल. तुम्हीच राबलात, कबूल! उंबऱ्यावर उभे राहा, घरच्यांच्या देखत मोठ्यानं म्हणा, "हे माझं." आणि ऐका — मागून कुणी होय म्हणतंय का?