उजवीकडची टाचणी

—नाही हो अक्का, उठू नका, बसा त्या बाकावर. सही झाली ना? झाली. आता राहिला शिक्का, आणि शिक्का गुरुराजच्या पिशवीत, आणि गुरुराज गेलाय कापी प्यायला. येईल. तुमची ओरत्तनाडूची बस साडेबाराला, आत्ता कुठे सव्वाअकरा होतायत. तो कागद असा मुठीत धरू नका, घडी मोडेल — पदराखाली ठेवा, हां. तुमच्या लेकीचं, शांभवीचं काम झालंच समजा. गावच्या शाळेतली दुपारच्या जेवणाची व्यवस्था बघायची, दाराशी नोकरी, आणि नवरा गेलेल्या बाईचा विचार आधी करतात त्यात. साहेब काय म्हणाले तुम्हाला? 'पाहतो अम्मा, काळजी नको.' बघा! सत्तावीस वर्षं मी ह्या व्हरांड्यात बसतोय, आमच्या एमेल्ले साहेबांनी एका माणसाला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. एका!

खोटं वाटतं? सदुसष्ट साली पहिल्यांदा निवडून आले तेव्हा सायकलवरून फिरायचे. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर लोकांच्या अर्जांचा गठ्ठा, वाटेत कालव्याचा बांध — दोनदा पडलोय गठ्ठ्यासकट. सात निवडणुका लढवल्या, सहा जिंकल्या. पक्षाबरोबर उपरण्याचा काठ तीनदा बदलला, पण घरोघरची मतं हलली नाहीत. का हलली नाहीत? पूल बांधले म्हणून? छे! तुमच्या शांभवीच्या गावाच्या अलीकडे कालव्यावर जो पूल व्हायचाय, त्याची कोनशिला तीन वेळा बसवली, हार मीच आणले तिन्ही वेळा. पूल कुठाय? ते असू दे. 'भीमसेना,' मला पहिल्याच वर्षी म्हणाले, '"नाही" म्हटलं की माणूस गेला, आणि माणूस गेला की त्याचं अख्खं घर गेलं.' म्हणून येईल त्याला शिफारशीची चिठ्ठी. पोराचे कान टोचायचे असोत, साहेब हजर. बदली हवी असो, चिठ्ठी. आता म्हणे दिल्लीनं सगळं मोकळं केलं, परवाने नकोत, काही नको — गुरुराज रोज पेपर वाचून दाखवतो. मग हे शंभर-दीडशे लोक सकाळपासून इथं कशाला उभे असतात? सांगा की! कारखाना काढायला कागद लागत नसेल, पण मास्तरणीच्या बदलीला लागतोच.

आता तुम्ही विचाराल, जागा एक आणि चिठ्ठ्या चाळीस, तर अधिकारी करतो तरी कुणाचं? विचारा ना. कोणी विचारत नाही. — हे आपल्या मराठीत बोलतोय म्हणून बरं, व्हरांड्यातल्या तमिळ माणसांना कळायचं नाही. तुम्ही मूळच्या इथल्या राजवाड्याच्या मागच्या आळीतल्या, आपलं माणूस, म्हणून बोलतोय. नाहीतर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, बायकोला विचारा. अहो, साधं आहे. साहेब सही करतात. सही करून पेनाला टोपण घातलं, तर काम करायचं. पेन उघडंच ठेवलं, तर नाही करायचं. मी समोर उभा. टोपण दिसलं की चिठ्ठी अर्जाला डाव्या कोपऱ्यात टाचायची, उघडं दिसलं की उजव्या. जिल्ह्यातल्या सगळ्या अधिकाऱ्यांना ठाऊक. नवा आला की जुना जाताना सांगून जातो. बोलायचं काम नाही, लिहायचं काम नाही. माणूस सही छातीशी धरून घरी जातो, खूश असतो, वर्षभर वाट बघतो आणि शिव्या घालतो त्या अधिकाऱ्याला! साहेबांना नाही. सहा निवडणुका अक्का, एका टाचणीवर!

हसू नका. हसताय ना? मीही हसायचो. परवापर्यंत हसत होतो.

माझी नंदिता मास्तरीण आहे, रामनाथपुरम बाजूला टाकलीय तिला, तीन वर्षं झाली. तिचा मुलगा आमच्याकडे. एसटीडी बूथवर नेलं की रिसीव्हरला घट्ट धरून ठेवतो, सोडत नाही, मागे माणसं खोळंबतात. सत्तावीस वर्षांत मी साहेबांकडे काही मागितलं नव्हतं. काहीच नाही, देवाशपथ. परवा तिची इकडे बदली मागितली. म्हणाले, 'अरे, हे काय सांगायला हवं, भीमसेना?' सही केली, झोकदार. मी चिठ्ठी घेतली, टाचणी लावली, आणि बाहेर येऊन बघतो तर —

उजवीकडे. मीच लावली, अक्का. ह्या हातानं. पेन उघडं होतं आणि हातानं ते डोक्याच्या आधी पाहिलं. पोटच्या पोरीच्या अर्जाला! आत जाऊन विचारायला हवं होतं, का हो साहेब, माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय? नाही विचारलं. जिन्याखाली उभं राहून टाचणी काढली आणि डावीकडे लावली, चोरासारखी. आणि अधिकाऱ्यानं काय केलं? कागद उजेडाकडे धरला. उजवीकडे दोन भोकं, डावीकडे टाचणी. म्हणाला, 'भीमसेन, आता मी कुणाचं ऐकू?' आणि साहेबांना फोन लावला, माझ्यासमोर.   दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, 'नंदिताचं पाहतोय हं.' मला! मला म्हणतात पाहतोय! राग येतो हो. रात्री जेवण जात नाही. आणि सकाळी नऊला मी परत इथं, टाचण्यांची डबी घेऊन. पंचावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं कोण ठेवतंय?

...काय झालं? कागद कशाला काढलात? ठेवा तो पदराखाली. अक्का, ठेवा म्हणतो ना.

हो, उजवीकडे. मीच लावली. सकाळपासून साठ लावल्या, त्यातली ती एक. तुमच्याकडे बघून कुठे लावली? पेनाकडे बघून लावली. त्या जागेवर पोंगलच्या सणाआधीच कुणाची तरी सून ठरलीय, शांभवीचं त्यात... आणा, इकडे आणा, मी काढून — नको. राहू दे. भोकं बुजत नाहीत.

असं बघू नका माझ्याकडे. 'नाही' म्हटलंय का तुम्हाला कुणी?

हा आला गुरुराज. गुरुराज, शिक्का मार. नीट मार, अम्मा लांबून आल्यात. — निघा आता, तुमची बस चुकेल. पुढे कोण आहे? या.