पाण्याच्या रेणूतली व्याहीभेट

माझ्या आईनं एकदा श्रोडिंगरचं समीकरण दुरुस्त केलं. हसू नका, खरं सांगून राहिलो.

ताईच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझं एमएस्सीचं सेमिनार होतं. म्हणून आमच्या मुर्री गावी मांडवात बसून पाण्याच्या रेणूचं समीकरण लिहून राहिलो होतो. त्यात एक ते दहा नंबर दिलेले इलेक्ट्रॉन, अन् प्रत्येक जोडीसाठी एक पद.

आई आली. "काय लिहून राहिला रे?"

मी तोंड सरळ ठेवून म्हटलं, "व्याहीभेटीची यादी. कोण कोणाले भेटते ते."

ती खरंच वाचायला बसली. "एक नंबर दोन नंबरले भेटला. मंग खाली दोन नंबर एकले कायले भेटून राहिला? एका गळाभेटीत दोघंबी भेटतात ना!"

"आई, हे गळाभेट नाई घेत. एकमेकाले ढकलतात."

"मंग त पक्के व्याही हायत. पण ढकलाढकलीबी एकदाच मोज."

मी पदं मोजून पाहिली. जोड्या होत्या पंचेचाळीस, मी नव्वद लिहिल्या होत्या. पूर्ण सेमिनार बुडालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "बाकी सगळ्यांनी जोड्या दोनदा मोजल्या. तू कोणतं पुस्तक वापरलं?"

"पुस्तक नाई सर, आई."

सर हसले नाईत. म्हणाले, "मग संदर्भात लिही."

माझा रिपोर्ट आजबी विभागाच्या कपाटात हाय. संदर्भ एक: माझी आई, मुर्री, लग्नाच्या मांडवात, तोंडी. इंग्रजी पुस्तकं दोन नंबरपासून सुरू होतात.