साफ केलेलं गाणं

जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून देणारं दुकान. रांगेत माझ्यापुढे एक काका, कानाला दुकानदाराचा हेडफोन.

"कसं वाटतंय काका? कोरं करकरीत आलंय की नाही?"

"गाणं छान आहे हो. पण मध्येच एक मुलगी हसायची."

"रेडिओसमोर टेप धरून भरलेलं ना ते! भांडी, खोकला, हसणं, सगळं साफ केलं. दोन दिवस खपलोय."

"हसणंही काढलंत?"

"कण ठेवला नाही."

"अहो, गाणं तर नातवाच्या फोनमध्येही आहे. मी ते हसणं घेऊन आलो होतो. आमची धाकटी होती ती."

"आधी सांगायचं ना, काका."

"मला वाटलं, ऐकल्यावर कळेलच. बरं, कॅसेट तरी द्या परत."

"वाजवायला घरात टेप उरला नाही, टाकून द्या, असं तुम्हीच म्हणालात. कालच कचऱ्याच्या गाडीत गेली. आणि आधीची फाइलही पुसली, जागा अडते म्हणून."

"हं."

"पैसे नकोत मला, काका."

"एक काम करा. दुसरं कडवं संपतं ना, तिथून लावा. तिथे ती हसते."

"आता तिथे काही नाही, काका."

"ठाऊक आहे. लावा."