बेचाळीस किलोमीटर, अन् मागून सायकल

माहं नाव निर्मला. माहेर बार्शीटाकळीचं, सासर वलगावचं. बापाजवळ वावर नव्हतं, बकऱ्या होत्या, अन् बकरी धावली का तिच्या मांगं मी धावो, चप्पल कुठी होती तवा, अशीच मोठी झाली म्हना. लग्न झालं अन् थे धावनं बंद झालं. सून कुठी धावते? पानी आना, सैपाक करा, निंदाले जा, कापूस येचाले जा, अन् दुपारी शायेत पोट्ट्यायची खिचडी रांधा. काय सांगू तुमाले ताई, वीस वर्सं मी निरी चालली.

मंग एका सकायी वावरात जाऊन राहिली होती, थंडीचे दिवस, रस्त्यावर कोनी नाई, अन् पाय आपल्या मनानं धावाले लागले. काहून थे मले इचारू नका. मले मजा आली, बस. पन तवाचे दिवस कसे होते तुमाले मालूम हाय. गावात कोनी धावताना दिसलं का लोकं दारात येत, कोन गेलं, कोनाच्या घरी झालं, कोनी फवारनीचं औषध पेलं का म्हनून इचारत. त्या दिवशी तीन घरचे मानसं बाहेर आले. एक बुढी तर रडालेच लागली, तिचा पोरगा वावरात होता. मी थांबली, म्हटलं आजी, कोनाले काई नाई झालं, मी अशीच धावून राहिली. त बुढीनं डोये पुसले अन् मलेच रागावली, अशीच कोनी धावते का, काई तरी लपवून राहिली तू.

थे गावभर झालं. निर्मला काई तरी लपवून राहिली.

आमचे हे, सविताचे बाबा, सविता म्हंजे माही पोरगी, थे पयले असे संशयी नव्हते बरं. त्या सालची पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, उगवलीच नाई. बियान्याच्या पाकिटावर चांगलं हिरवं झाड छापलेलं, अन् वावरात पाहा त निरी काळी माती. दुकानदार म्हने तुमी खोल पेरलं, कंपनीवाला म्हने पानी कमी पडलं, शेतकी सायेब म्हने पाहू. सगळ्यायनं यायलेच खोटं पाडलं. तवापासून हे कोनाचंच खरं धरत नसत. मिठाचा पुडा आनला तरी जिभेवर ठेवून पाहेत. दूध हुंगून पेत. मंग बायको कशी सुटन?

एक डाव मले मांगं सायकलची साखळी वाजल्यावानी वाटली. वळून पाह्यलं त हे, बाभळीच्या आड उभे. मी म्हटलं काय करता. त म्हने तू कोनाले भेटाले जातं? म्हटलं कोनालेच नाई. म्हने मंग धावतं काहून? आता याले काय सांगावं! मी पुढं धावली, अन् हे मांगून सायकलवर, पार नाल्याच्या पुलावरोक, अन् पुलावर कोनीच नव्हतं. थे पाहून त अजूनच बिघडले. कोनी नाई म्हंजे आज आलाच नाई, असं वाटलं असन.

शायेतल्या मॅडमनं माहा फारम भरला. अमरावतीच्या डाक्टर लोकायनं मॅरेथॉन ठेवली होती, बेचाळीस किलोमीटर, अकोल्याच्या रस्त्यानं जायचं अन् परत यायचं. मले बी संशय आला, खोटं काहून बोलू. फुकटचं बनियन, फुकटचं केळं, हे लोकं काई तरी इकत असतीन. मॅडम म्हने कोनी काई इकत नाई, तू फक्त धाव. त्या दिवशी मी लुगड्याच्या खाली सविताची सलवार घातली, बूट मॅडमचे, अन् हे सायकल घेऊन हजर. तुमी कायले? म्हने रस्ता सरकारचा हाय.

सकायच्या गारव्यात एवढे मानसं एकसाथ धावून राहिले, पायायचा नुसता आवाज, कोनी कोनाले भीत नाई. मले हसू येऊन राहिलं. पुढं एक कालेजची पोरगी पोट धरून रडत होती. म्हटलं बाई, श्वास नाकानं घे, माह्या पायाकडं पाह्य अन् ये. तिले घेऊन मी लय दूर धावली, मंग तिचा दम बसला, थे गेली पुढं. आपन राहिली मांगं, त काय झालं?

परतीच्या रस्त्यावर एक चाचा बसले होते, अकोल्याचे, कापडाचं दुकान हाय म्हनत. पोटरीले गोया आला होता, पाय असा वाकडा झालेला अन् तोंड पांढरं. मी बसली अन् पोटरी दाबाले लागली. चाचा म्हने बहन, रहने दो, लोग क्या कहेंगे. म्हटलं लोकं त अगोदरच म्हनून राहिले.

अन् वर पाह्यलं त सायकल उभी.

हे म्हने, हे कोन? म्हटलं मले नाई मालूम. म्हने नाव नाई मालूम अन् पाय दाबून राहिली? म्हटलं मंग काय नाव इचारून दाबू का? तोंडातून निंघून गेलं. रस्त्यावरचे दोघं-तिघं हसले. यायचं तोंड असं झालं जसं कोनी भरल्या बाजारात टोपी पाडली. सायकल फिरवली अन् गेले. उठून यायच्या मांगं धावावं का? धावली असती त गाठलं असतं, थेवढे पाय होते माह्यात. पन चाचाचा पाय माह्या हातात होता, अन् सोडला असता त मी खरंच काई तरी लपवून राहिली असं झालं असतं. नाई उठली. पाय मोकळा झाला, चाचाले उभं केलं, दोघं अर्धे चालत अर्धे धावत आलो. सगळ्यायच्या मांगं. मंडप सोडून राहिले होते तवा.

घरी आली त हे अंगनात बसलेले. मी बूट काढले, पायाले फोडं आले होते. गयातलं पदक यायनं हातात घेतलं, नखानं खरडून पाह्यलं, पितळ हाय का पत्रा. मी वाट पाहून राहिली, आता बोलतीन, आता बोलतीन.

मंग म्हने, थो मानूस पोचला का?

म्हटलं हाव.

हे उठले. घंगायात गरम पानी आनून माह्या पायापाशी ठेवलं अन् वावरात गेले.

आता या गोष्टीले लय वर्सं झाले. संशय गेला का म्हनान त नाई गेला, दूध अजूनबी हुंगतेत. आपल्या जागी बरोबर हायेत थे. सकायी आता आमच्या गल्लीतल्या दोघी सुना माह्यासोबत येतेत, अन् त्यायच्या सासवा दारात उभ्या राहून पाहतेत. पाहू द्या. तुमी बी एवढ्या दुरून येऊन माहं बोलनं लिहून राहिल्या, काहून लिहून राहिल्या थे तुमचं तुमाले माहीत, मी नाई इचारत. लिहा. पोरीबाळी सुखात राहो तुमच्या. चहा ठेवतो, पेऊनच जा.