बारा लिटरचा आळ

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढे सरका. मला आज ओरडवणार नाही. चार दिवसांत हे चौथं गाव, घसा पार बसलाय. पेटीवाले, तुम्हीही आज खालच्याच पट्टीत घ्या. वरची पट्टी तरुणांसाठी राहू द्या.

पूर्वरंगात आपण सत्य म्हणजे काय ते पाहिलं. शब्दांनी पाहिलं. शब्दांनी पाहायला काही मोल पडत नाही हो. आता एक साधा प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर मनात ठेवा. एका बाजूला माणूस उभा आहे, दुसऱ्या बाजूला एक आकडा. दोघांचं जुळत नाही. खोटं कुणाला ठरवायचं?

माना डोलल्या. "महाराज, आकडा कशाला खोटं बोलेल? त्याला काय पोट आहे?" असंच ना? मलाही तसंच वाटायचं. म्हणून ऐका. ही पुराणातली गोष्ट नाही. यातली माणसं मी पाहिलेली आहेत. एका जागी तर मीही आहे, आणि ती जागा काही चांगली नाही.

कृष्णाकाठी आमच्या भागात अनंतराव शेंडगे म्हणून गृहस्थ. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. उसाच्या रसात साखर किती, हे काट्यावर बघून सांगायचं, हेच काम. सरळ माणूस. कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही. पण असा माणूस जरा कडक होतो बघा. स्वतः कधी चुकला नाही ना, मग दुसऱ्याची चूक त्याला लगेच दिसते.

निवृत्त झाले आणि दोन दुखणी एकदम घरात आली. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू, आणि पत्नी इंदूताई यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिसला मिरजेला न्यायचं. जायला पंचेचाळीस किलोमीटर, यायला पंचेचाळीस. एस.टी.त त्यांना बसवेना. म्हणून गाडी घेतली, नवी कोरी. आणि चालवायला ठेवला ज्ञानू वायदंडे.

ज्ञानू म्हणजे कारखान्याच्या ट्रकवर वीस वर्षं काढलेला माणूस. बोलणं कमी. इंदूताई डायलिसिस करून बाहेर आल्या की त्यांच्यात उभं राहायचं बळ नसायचं. हा गाडीचं दार उघडून उभा. उशी आधीच ठेवलेली. खड्डा आला की गाडी अशी न्यायचा, की ताई म्हणायच्या, "मला तर झोपच लागली रे."

आता त्या गाडीत, तुमच्याही गाडीत असेल, पुढे एक पडदा होता. एक लिटरला गाडी किती पळाली ते त्यावर दिसायचं. एकवीस. कधी पॉइंट इकडे, पॉइंट तिकडे, पण एकवीस. अनंतरावांना डोळ्यांनी ते दिसायचं नाही. मग वाचून कोण दाखवायचं? ज्ञानूच. "सायेब, आज बी एकवीसच." आणि साहेब घरी येऊन भिंग लावून वहीत लिहायचे. सवय हो, प्रयोगशाळेची. पेट्रोल मात्र ज्ञानू आदल्या दिवशी एकटा जाऊन भरून आणायचा. पावती आणून द्यायचा. तीही वहीत.

चौदा आठवडे झाले. अनंतरावांनी एका सकाळी बेरीज मांडली. गाडी पळाली दोन हजार पाचशे वीस किलोमीटर. एकवीसनं भागा. किती? एकशे वीस लिटर. पावत्यांवर किती? एकशे बत्तीस.

बारा लिटर जास्त.

त्यांनी तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. बेरीज बरोबर असली की माणसाला वाटतं, आपणही बरोबर.

इंदूताई पलंगावर पडून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"ज्ञानू पेट्रोल काढतोय."

"उगाच काहीतरी."

"उगाच नाही. बारा लिटर गेलंय."

ताई उशीला टेकून जरा उठल्या. मग म्हणाल्या, "अहो, पडद्यावरचा आकडा तुम्हाला तोच वाचून दाखवतो ना? चोर असता तर एकोणीस म्हणून हिशेब जुळवला असता. तुम्हाला काय दिसणार होतं?"

मंडळी, काय बोलल्या बघा त्या. अंथरुणाला खिळलेली बाई, आणि सगळा न्याय एका वाक्यात केला. पण नवऱ्यानं ऐकलं का? हसू नका पुरुष मंडळी. तुम्हीही ऐकलं नसतंत.

ज्ञानू आला. अनंतरावांनी त्याला अंगणातच थांबवलं आणि वही पुढे धरली. "ज्ञानू, बारा लिटर पेट्रोल कुठं गेलं?"

ज्ञानूनं वहीकडे बघितलं. "मला न्हाई ठाऊक, सायेब."

"गाडी तुझ्या हातात. पेट्रोल तू भरतोस. मग कुणाला ठाऊक असणार?"

"मी टाकीला हात लावला न्हाई."

"गाडी एकवीस दाखवते. गाडी खोटं बोलते का?"

यावर तो काय बोलणार? वीस वर्षं ट्रक चालवला, पण त्या पडद्याच्या पोटात काय चालतं हे त्याला थोडंच माहीत? तो एवढंच म्हणाला, "मी न्हाई केलं." आणि थोडा वेळ उभा राहिला. साहेब पुढं काही विचारतील म्हणून उभा राहिला असेल. साहेबांनी वही मिटली. ज्ञानू गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर दोन घरांतलं दुःख दोन घरांत राहिलं असतं. पण अनंतराव केशकर्तनालयात बोलले. दवाखान्यात बोलले. देवळाच्या कट्ट्यावर बोलले. ओरडून नाही, शांतपणे. "माणसं ओळखता येत नाहीत हो." बास, एवढंच. ज्यानं आयुष्यात खोटं काट्यावर ठेवलं नाही, त्याचा शब्द. गावानं तो मोजून न घेताच घेतला.

आणि आता माझी जागा. त्या दिवसांत मला गाडीवर माणूस हवा होता. गावोगाव फिरायचं, वय झालेलं. ज्ञानू माझ्या दारात आला. म्हणाला, "महाराज, काम असलं तर बघा." मी काय म्हणालो? "बघू." नाही म्हणायचीसुद्धा हिंमत केली नाही मी. बघू. तो नमस्कार करून गेला. त्याच दिवशी मी एका गावात परनिंदा या विषयावर दीड तास बोललो, मंडळी. लोकांनी हार घातला.

ज्ञानू लाकडाच्या वखारीत ओंडके उतरवायला लागला. बावन्न वर्षांचा माणूस.

इकडे अनंतरावांचे जावई पुण्याहून आले, महिनाभर घरून काम करणार होते. मंगळवार-शुक्रवार तेच सासूबाईंना मिरजेला नेऊ लागले. पेट्रोल स्वतः भरायचे, गाडी रोज कुलपात. सात फेऱ्या झाल्या. सहाशे तीस किलोमीटर. अनंतरावांनी वही काढली. एकवीसनं तीस लिटर. भरलं किती? तेहतीस.

त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा मांडलं. तेहतीस.

जावयाला चोर म्हणता येईना. मग संशय कुठं गेला? पंपावर. गेले पंपावर. म्हणाले, "पाच लिटरचं माप आणा." पंपावर असतं ते, गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवावं लागतं. पंपवाल्यानं कुरकुर न करता आणलं. पाच लिटर सोडलं. जावयांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाबा, बरोबर रेघेवर आहे."

आता उरलं कोण?

गाडी दुरुस्तीच्या ठिकाणी नेली. तिथं एक मिस्त्री, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, ती गाडी टाकीत वाकून बघत नाही. इंजिनात पेट्रोल किती सोडलं असेल, त्यावरून अंदाज करते. अंदाज थोडा चढाच असतो, बहुतेक गाड्यांचा. खरं बघायचं तर टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, परत काठोकाठ भरायची. किती मावलं ते बघायचं. गाडीच्या पुस्तकातच लिहिलंय की."

घरी आले. पुस्तक कपाटात होतं, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. अक्षरं मुंगीएवढी. इंदूताईंनी चष्मा लावला आणि वाचलं, "दर्शवलेला आकडा अंदाजे असून प्रत्यक्ष वापरापेक्षा वेगळा असू शकतो." एकदा वाचलं. अनंतराव म्हणाले, "परत वाच." त्यांनी परत वाचलं. मग पुस्तक मिटून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी अनंतराव एकटे निघाले. काठी टेकत, विचारत विचारत, ज्ञानूच्या घरी. ज्ञानू नुकताच वखारीतून आला होता, हात सोलवटलेले. त्याच्या बायकोनं, रकमानं, पाणी दिलं. खुर्ची पुसून दिली. अनंतराव बसले नाहीत.

म्हणाले, "ज्ञानू, माझं चुकलं. गाडीचा आकडाच चढा होता. तू काही घेतलं नव्हतंस."

ज्ञानू म्हणाला, "मला ठाऊक हुतं, सायेब."

केवढं साधं उत्तर बघा. साहेबांना जे आज कळलं, ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि त्या ठाऊक असण्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

अनंतराव म्हणाले, "मी सगळं तपासलं. पंपावर माप घेतलं. जावयाच्या फेऱ्या मोजल्या. मिस्त्रीला विचारलं."

"व्हय," ज्ञानू म्हणाला. "पंपाला माप लावलं. जावयाचं मोजलं. माझं का न्हाई मोजलं, सायेब? टाकी काठोकाठ भरताना दोनदा माझ्याशेजारी हुबं ऱ्हायला असता तरी कळलं असतं."

याचं उत्तर तुम्हाला येतंय का? मला तर आजवर आलेलं नाही.

अनंतराव काठी सावरून म्हणाले, "परत कामावर ये."

"न्हाई."

"मग मी काय करू, ते तरी सांग."

ज्ञानू म्हणाला, "जितं जितं बोललासा, तितं तितं जाऊन सांगा. एवढंच."

आणि गेला हो तो म्हातारा. केशकर्तनालयात गेला, दवाखान्यात गेला, कट्ट्यावर गेला. पहिल्यांदा सांगायला दहा मिनिटं लागली होती. परत घ्यायला पंधरा दिवस लागले. कुणी ऐकायचं, कुणी म्हणायचं, "जाऊ द्या हो, काहीतरी केलंच असेल त्यानं." मग हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

आणि एका एकादशीला माझं कीर्तन रंगात आलेलं असताना ते उभे राहिले. म्हणाले, "महाराज, दोन मिनिटं द्या." भरल्या सभेत ज्ञानूचं नाव घेतलं, त्याची माफी मागितली, आणि खाली बसले. मी पुढचा शब्द विसरलो. चिपळ्या हातात तशाच. आणि मग मीही ज्ञानूकडे गेलो, मंडळी, पण सगळ्यांच्या शेवटी. तो म्हणाला, "महाराज, तुमी निदान चोर म्हणाला नव्हतासा." त्याला माझी समजूत घालायची होती. मला त्या समजुतीची लाज वाटली.

पुढं काय झालं? ज्ञानूला दूधसंघाच्या गाडीवर काम मिळालं. पहाटे निघतो, दहा वाजता मोकळा होतो. आणि एका मंगळवारी, कुणी बोलावलं नसताना, साडेदहाला शेंडग्यांच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताईंना न्यायचंय न्हवं?" तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार तोच नेतो. पैसे घेत नाही. ताईंशी बोलतो. साहेबांशीही बोलतो, विचारलं तेवढं. पण तो पडद्यावरचा आकडा मात्र आता वाचून दाखवत नाही. अनंतरावही विचारत नाहीत. शेजारी बसतात आणि रस्त्याकडे बघत राहतात, जेवढा दिसतो तेवढा.

संपलं आख्यान. टाळ्या नकोत. मी दमलोय, आणि हे टाळ्यांचं नाही.

तुमच्या घरात भांडी घासणारी बाई आहे. शेतावर गडी आहे. दुकानात माणूस आहे. घरात सून आहे. यातल्या कुणावर तुम्ही कधी बोट ठेवलंत? आणि कशाच्या जोरावर? एखाद्या आकड्याच्या, एखाद्या ऐकीव शब्दाच्या? तो आकडा, तो शब्द तुम्ही तपासला होता का? की माणूस गरीब होता म्हणून तपासायची गरजच वाटली नाही?

मला उत्तर नको. डोळे मिटा, आणि एक नाव आठवा. प्रत्येकाकडे एक तरी असतं.

आता आरतीची वेळ झाली आहे. पण ज्याचं नाव आठवलं, तो याच गावात राहत असेल, तर तुम्ही आरतीला थांबू नका. उठा आणि जा. देव थांबेल, त्याची खात्री मी देतो. त्या माणसाची मला देता येत नाही.