ओसरीवरचं पान

मी आसेगावच्या बाजूच्या खेड्यातला, कुनब्याचा पोरगा, घरी तूर अन् सोयाबीन, बाप मोठा हेकट. फौजेत काहून गेलो म्हनसान तं मले धावता येये अन् शायेत डोकं चालत नव्हतं, दुसरं काही कारन नाही, देशभक्ती-बिक्ती मंग आली, वर्दी आंगावर चढल्यावर. लोकं येतात, मेडल पाहातात, फोटो काढतात अन् जातात. तुमी इचारलं ते कायचं भेटलं, तं आयका, पन चहा पिऊन घ्या पह्यले, मंग घशाखाली उतरनार नाही.

पहाड होता, नुसते दगड अन् बर्फ, आपल्याकडच्या मानसाले तिथं श्वास घेनंच मुश्कील. सकायचं धुकं. वर दुश्मनाचा बंकर, तिथून मशीनगन चालून राह्यली, अन् आमी दगडाले चिकटून वर सरकून राह्यलो. माह्या पुढं आमचा हवालदार, साताऱ्याकडचा, मले लहान्या भावासारखा वागवे. त्यानं मान वर केली अन् त्याचा जबडाच उडाला, गरम रक्त माह्या डोयात, म्या बाहीनं पुसलं अन् त्याच्या आंगावरून पुढं गेलो. काय करता, थांबलो असतो तं मीबी तिथंच. बंकरात हातगोये फेकले, धूर झाला, आत उडी मारली तं एक जन जिता होता, माह्याच वयाचा असन. त्यानं माही बंदूक धरली, म्या त्याचं नरडं धरलं, मेलेल्याइच्या आंगावर लोयलो दोघं. त्यानं ह्या उजव्या आंगठ्याले असा दात मारला का हाड दिसलं, हे पाहा, दाताचा वन अजून हाये. मंग माह्या हाती दगड लागला. दगडानंच मारला त्याले, त्याचा आवाज बंद होईस्तोर मारला अन् बंद झाल्यावरबी मारत राह्यलो. त्याची मूठ माह्या कॉलरीत, एकेक बोट सोडवा लागलं. मले पस्तावा नाही, सांगून ठेवतो, म्या नसता मारला तं त्यानं मले मारलं असतं.

मोठ्या साहेबानं छातीवर मेडल लावलं, हातघाईच्या लढाईत शौर्य गाजवलं म्हने, एका वाक्यात आटोपलं. सुट्टीवर आलो तं बापानं डफडेवाले बोलावले, जीपवर उभं करून गावभर मिरवलं, गुलाल नाकातोंडात. अन् घरी जेवाले बसलो तं ह्या हातानं घास तोंडापर्यंत जाये ना. हाताले त्याच्या तोंडाचा वास येये, कितीबी साबन लावा. डाव्या हातानं, चमच्यानं खाऊ लागलो, गावाले वाटलं पोरगं सायेब झालं. मायनं ओयखलं. काय झालं रे हाताले, म्हने. तिले सगयं सांगितलं, दगडासकट. ती रडली नाही, एवढंच इचारलं, का त्याले पानी कोनी देल्लं. म्या म्हनलं माय, तो दुश्मन होता. ते खरं रे, पन पानी देल्लं का. नाही देल्लं.

तितक्यात अखजी आली, तुमची अक्षय तृतीया. आमच्याकडं अखजीले घरच्या मेलेल्या मानसाइले जेवू घालतात, पुरनाच्या पोया, कढी, चिंचोनी, विस्तवावर घास. मायनं पितराइचे पानं वाढले अन् एक रिकामं पान ओसरीवर नेऊन मांडलं. मले म्हने, तुह्या हातानं गेला ना, मंग तुह्याच हातानं वाढ. बाप भडकला, दुश्मनाले पितरात बसवतं काय, गाव तोंडात शेन घालीन. माय म्हने पितरात नाही बसवत, म्हून तं ओसरीवर, पाव्हना हाये तो, अन् माहं पोरगं उपाशी हाये हे दिसत नाही काय तुमाले. म्या वाढलं. पोयी वाढली, कढी वाढली, पान्याचा गिलास भरून ठेवला, अन् तिथंच बसून ह्या हातानं जेवलो, रडत रडत जेवलो, लाज कायची. तवापासून दर अखजीले वाढतो.

माय आता नाही राह्यली. माहा पोरगा मोठा झाला, भरतीची तयारी करून राह्यला, सकाय सकाय रोडनं धावते. ओसरीवरचं पान तो लहानपनापासून पाहे, पन आजीच्या देखत इचाराची त्याची हिंमत नव्हती. यंदा इचारलं, बाबा, हे कोनाचं. तुमाले सांगितलं तसंच त्याले सांगितलं. मंग तो म्हने, बाबा, तुमच्या मांगं हे पान मी वाढत जाईन. म्या म्हनलं नको रे राजा, हे माहं हाये, माह्यासंगच जाऊ दे. तू भरती हो, वर्दी घाल, मेडलबी भेटो तुले. पन तुह्या ओसरीवर असं पान वाढाचा वक्त देवानं तुह्यावर आनू नये.